नाशिकमधून मासेमारीच्या जाळ्यांचे रेडिओ बीकन ऐकता येतील का? साधा रेडिओ चालेल का?

ऐकता येतील, पण रात्री. आणि साधा एएम रेडिओ चालणार नाही, एसएसबी (सिंगल साइडबँड) किंवा सीडब्ल्यू (मोर्सचे सूर ऐकवणारा) मोड असलेला रिसीव्हर लागेल. हे बीकन म्हणजे जाळ्याला बांधलेल्या बोयातले (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेतले) काही वॉटचे ट्रान्समीटर. ते बहुतेक १.६ ते ३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे मीडियमवेव्ह संपते तिथून पुढे. बरेचसे हौशी रेडिओवाल्यांच्या १६० मीटर बँडमध्येही घुसलेले सापडतात. मोर्समध्ये दोन-चार अक्षरांची ओळख, मग एक लांबलचक सूर, मग काही मिनिटं शांतता. तो लांब सूर बोटीवरच्या दिशाशोधकासाठी असतो. साध्या रेडिओवर हा सिग्नल आला तरी सूर उमटत नाही, फार तर मागची खरखर जरा दबते.

दिवसा आयनावरणाचा (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित भागाचा) डी थर या लहरी शोषून घेतो. समुद्र नाशिकपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरच, पण मध्ये सह्याद्री आहे. अंधार पडला की मात्र लांबचेही येतात. अँटेना म्हणून वीस-तीस मीटर तार ताणा आणि घरातले एलईडी दिवे, चार्जर बंद करा. शहरातला गोंगाट या पट्ट्यात फार छळतो. गंगापूर धरणाच्या बाजूला मोकळ्यावर गेलात तर फरक लगेच कळेल.

एक लक्षात ठेवा: मोर्समधल्या अक्षरांवरून बोया कोणाचा, कुठला हे ठरवता येत नाही. शिवाय काही बोये बोटीने हाक दिल्यावरच बोलतात, त्यामुळे एखादी रात्र कोरडीही जाईल.