कायदा प्रशिक्षण आणि ‘आमच्याकडे असंच चालतं’

ताई, तुमची पोस्ट वाचून जुनी तिडीक परत डोक्यात गेली. “समुपदेशनाच्या तीन बैठका झाल्याशिवाय डीआयआर भरत नाही, आणि डीआयआरशिवाय कोर्टात अर्ज होत नाही.” डीआयआर म्हणजे कौटुंबिक हिंसेच्या घटनेचा अहवाल. एका बाईचा अर्ज परत करताना तुमच्याकडच्या संरक्षण अधिकाऱ्याच्या (अशा बायकांना मदत करायला सरकारने नेमलेला अधिकारी) कार्यालयाने दिलेलं हे उत्तर मी दुसऱ्या जिल्ह्यात जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय. तुम्ही विचारलंय की समुपदेशक, परिचारिका आणि आशाताई अशा मिश्र गटाला दोन दिवसांत कायद्याचं काय शिकवावं, वकील कसा निवडावा, आणि त्या कार्यालयातल्याच अधिकाऱ्यांना व्याख्याते म्हणून बोलवावं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देते, कारण त्यावर माझं मत जरा तिखट आहे.

आधी सांगून टाकते, मी वकील नाही. हिंसा सोसलेल्या बायकांसोबत समुपदेशक म्हणून बरीच वर्षं काम केलं, त्यातलं बरंचसं कोर्टाच्या व्हरांड्यात आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर शिकले. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, तेव्हा पाऊल उचलण्यापूर्वी वकिलाला दाखवाच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा काय, हिंसेचे प्रकार कोणते, हे तुम्हाला ठाऊक असणार. ते सोडून देते.

आमच्याकडे काय झालं ते थोडक्यात. एक बाई मुलांना घेऊन माहेरी आली. सासरचं घर सासूच्या नावावर. अर्ज घेऊन गेलो तर पहिलं उत्तर मिळालं, सासर दुसऱ्या तालुक्यात आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर आधी बैठका. पहिल्या बैठकीला नवरा आलाच नाही. ‘सामनेवाले गैरहजर, पुढील तारीख’ एवढीच नोंद. पुढच्या वेळी आला, गोड बोलला, विचार करायला वेळ मागितला, तो लगेच मिळाला. बाईला मात्र “थोडं समजून घ्या, मुलांकडे बघा” हे दर वेळी. या सगळ्या काळात कागदावर आमचं काहीही नव्हतं. आवक क्रमांक नाही, पोच नाही, दंडाधिकाऱ्यांपर्यंत तर विषयच नाही. तेवढ्यात सासूने घर विकून टाकलं.

हे सगळं २०२२ नंतरचं आहे, हे मुद्दाम सांगते. कारण त्या वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रभा त्यागी प्रकरणात स्पष्ट केलं होतं की बाईने स्वतः अर्ज केला असेल तर डीआयआर नाही म्हणून दंडाधिकाऱ्यांचं काम अडत नाही. खरं तर कलम १२ पहिल्यापासून तेच सांगतं: अर्ज पीडित महिला स्वतः करू शकते, संरक्षण अधिकारी करू शकतो, तिच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. डीआयआर आलेला असेल तर न्यायालयाने तो विचारात घ्यायचा, एवढंच. समुपदेशनाचा मुद्दा कलम १४ मध्ये आहे, आणि तिथे ते सांगण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांचा, तोही कारवाई सुरू झाल्यावर. कार्यालयाच्या दारातच बैठकांचं फाटक लावायला या कायद्यात जागा नाही. उलट कलम ९ प्रमाणे तक्रार आली की विहित नमुन्यात अहवाल करून दंडाधिकाऱ्यांकडे पाठवणं हे संरक्षण अधिकाऱ्याचं कर्तव्य आहे. हद्दीचं म्हणाल तर कलम २७ बघा, बाई तात्पुरती जिथे राहते तिथलं न्यायालयही चालतं. म्हणजे माहेरचा तालुका चालला असता.

आणि घर? कलम १९ खाली घर विकायला किंवा त्याची विल्हेवाट लावायला मनाई मागता येते, कलम २३ खाली तीच मागणी अंतरिम, प्रसंगी एकतर्फीसुद्धा करता येते. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर आहे एवढ्यावरून बाईचा राहण्याचा हक्क संपत नाही, हे सतीशचंदर आहुजा प्रकरणात २०२० सालीच ठरलंय. प्रत्येक घराला ते लागू होईल असं नाही, वस्तुस्थिती बघावी लागते. पण मागायला तर हवं! आम्ही ज्या महिन्यांत तारखा घेत बसलो, त्याच महिन्यांत ही मागणी जायला हवी होती. पुढे अर्ज थेट न्यायालयात गेला तेव्हा घराऐवजी भाड्याचा आदेश मिळाला. ते भाडं कधी येतं, कधी थकतं.

आता खरी गोम. यातलं एकही कलम गुपित नव्हतं. पण आमच्या प्रशिक्षणाला त्याच कार्यालयातले एक साहेब व्याख्याते होते आणि त्यांनी फळ्यावर क्रम लिहून दिला होता: तक्रार, समुपदेशन, डीआयआर, अर्ज. चाळीसेक जणींनी तो वहीत उतरवून घेतला. साहेब खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं तसंच चालत आलं होतं, आणि रिवाजालाच ते कायदा समजत होते. ‘तडजोडीने निकाली’ हा आकडा मासिक अहवालात चांगला दिसतो, हेही एक कारण असावं. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

म्हणून तुमच्या पहिल्या दिवसाचं पहिलं सत्र कलमांचं ठेवू नका. एकच प्रश्न विचारायची सवय लावा: हे अधिनियमात आहे, २००६ च्या नियमांत आहे, एखाद्या परिपत्रकात आहे, की फक्त इथे असं चालतं? मिश्र गट आहे ते बरंच आहे. परिचारिकांना विचारा, डीआयआर नाही म्हणून बाईला उपचार नाकारता येतात का. नियम १७ सांगतो, येत नाहीत; उलट अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा. बऱ्याच परिचारिकांना हे पहिल्यांदाच कळतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती येते, “म्हणजे आम्हालाच लिहावं लागणार?” हो, तुम्हालाच.

मग टेबल मांडा. एकीने कारकून व्हायचं आणि काहीतरी कारण सांगून अर्ज परत करायचा, दुसरीने भांडण न करता तो स्वीकारायला लावायचा. पोच मागायची. पोच मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपायची. तोंडी नकार मिळाला तर त्याच दिवशी पत्र द्यायचं: ‘आज आपल्या कार्यालयात अमुक कारण सांगून अर्ज स्वीकारला नाही, कृपया हे लेखी कळवावे.’ या एका पत्राने जेवढी कामं हलतात तेवढी दिवसभराच्या भाषणाने हलत नाहीत, हा माझा अनुभव. दर वेळी हलतातच असं मात्र म्हणणार नाही.

दुसरा भरीव वेळ लिखाणाला द्या. नमुना १, म्हणजे डीआयआरचा छापील नमुना, प्रत्येकीच्या हातात द्या, एक काल्पनिक हकीकत वाचून दाखवा आणि तो भरायला लावा. नंतर वह्या अदलाबदल. ‘किरकोळ कारणावरून वाद’, ‘पतीने रागाच्या भरात’, ‘समजूत काढून पाठविले’ असली वाक्यं लाल शाईने खुणावा. राग कुठून आला हे आपण कशाला लिहायचं? कोणी, कधी, कुठे, कशाने मारलं, काय बोलला, तेव्हा तिथे कोण होतं, कुठल्या दवाखान्यात नेलं, एवढं बाईच्याच शब्दांत लिहावं. तारीख आठवत नसेल तर ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असं लिहिलेलं चालतं, अंदाजे तारीख ठोकून देऊ नये. उलटतपासणीत तीच अंगाशी येते. पैशांची हिंसा तर हमखास राहून जाते. पगार काढून घेणं, दागिने गहाण टाकणं, दुकानदाराला उधारी देऊ नको म्हणून सांगणं, हे सगळं मोडतं त्यात. स्त्रीधनाची यादी वेगळी जोडा. मोबाइलवरचे धमकीचे संदेश असतील तर नुसते स्क्रीनशॉट छापून निश्चिंत राहू नका. मूळ फोन जपायला सांगा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, ते काम वकिलाकडून करून घ्या.

नवे कायदे एका तासात उरकतील. १ जुलै २०२४ पासून नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाच्या ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आली, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खालची पोटगी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये गेली. त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, यावर गोंधळ होतो, तेवढा दूर करा. व्याख्याता अजून जुन्याच स्लाइड दाखवत असेल तर ओळखा की त्याने तयारी केलेली नाही. आणि हो, अठरा वर्षांखालच्या मुलीचं लैंगिक अत्याचाराचं प्रकरण समोर आलं तर पॉक्सोच्या (बालकांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. “ताई, कोणाला सांगू नका” याला आधीच ‘नाही सांगणार’ म्हणून मोकळं होऊ नये, हे आशाताईंना नीट समजावून सांगा. त्यांची अडचण खरी आहे, त्यांना त्याच गल्लीत राहायचं असतं.

वकील निवडताना मोठं नाव बघू नका. दंडाधिकारी न्यायालयात कौटुंबिक हिंसाचाराचे अर्ज स्वतः चालवणारी, कलम २३ चा अर्ज नमुना ३ च्या शपथपत्रासह कसा लावायचा हे तोंडपाठ असलेली एखादी तरुण वकीलबाई हजारपट उपयोगी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला पत्र द्या, ते व्याख्याते देतात. महिलांना मोफत विधी सहाय्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मात्र त्यांच्याच तोंडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. १५१०० हा विधी सहाय्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक भिंतीवर लावा. काही वकील कलम ३३ दाखवून टाळ्या घेतात: संरक्षण अधिकाऱ्याने काम केलं नाही तर एक वर्ष कैद! पूर्ण वाचा म्हणावं. ते दंडाधिकाऱ्यांनी दिलेलं काम सबळ कारणाशिवाय टाळलं तर लागतं, आणि कलम ३४ प्रमाणे त्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. कार्यकर्तीने टेबलावर हात आपटून हे कलम ऐकवलं की पुढची सगळी प्रकरणं अडकतात. मी हे होताना पाहिलंय.

दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, आभार यात पहिला अर्धा दिवस जातो. जमलं तर सगळंच काढून टाका. आम्हाला कधीच जमलं नाही, ते सोडा. आणखी एक, तुमची संस्था कलम १० खाली सेवा देणारी संस्था म्हणून नोंदलेली आहे का ते आजच बघा. नोंदलेली असेल तर बाईची इच्छा असल्यास डीआयआर तुम्हीच भरून दंडाधिकाऱ्यांना आणि संरक्षण अधिकाऱ्याला पाठवू शकता, मग तीन बैठकांचा प्रश्नच उरत नाही. पोस्टमध्ये तुम्ही परत आलेल्या ज्या प्रकरणाचा उल्लेख केलाय, ते प्रशिक्षणाच्या तारखेपर्यंत थांबवू नका. विधी सेवेच्या वकिलामार्फत थेट कलम १२ चा अर्ज करा, सोबत कलम २३.

राहिला त्या अधिकाऱ्यांचा प्रश्न. बोलवा, जरूर बोलवा, पण माइक देऊ नका. प्रशिक्षणार्थी म्हणून बोलवा, नमुना १ भरायला इतरांबरोबर गटात बसवा. तुमच्या आशाताईसमोर बसून त्याच हकीकतीत ‘किरकोळ वाद’ लिहिला तर ती त्यांना तिथेच विचारेल. निमंत्रण मात्र त्यांच्या वरिष्ठांच्या नावाने आणि बरंच आधी पाठवा, नाहीतर ‘परवानगी आली नाही’ म्हणून कळवतील.