तीन आठवड्यांवर ट्रॅक आलाय, एस्टीमचं काय काय करू?

प्रश्न: दादा, दोन वर्षं झाली एक जुनी मारुती एस्टीम घरामागं उभी करून थोडी थोडी बनवतोय. इंजिनचं काम उद्यमनगरात करून घेतलं, बोअर केला, रिंगा नवीन, हेड गॅस्केट नवीन, आत्तापर्यंत दीडशे किलोमीटर चालवलीय. तीन आठवड्यांनी कोइमतूरच्या करी ट्रॅकवर ट्रॅक डे आहे, म्हणजे आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचा दिवस, फी भरली. हातात पंचवीस हजार उरलेत. फ्री फ्लो सायलेन्सर आणि मोठे अलॉय (चाकं) टाकावेत म्हणतोय, मित्र म्हणतात टाक. तुम्ही सांगा.
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: भावा, पहिल्यांदा अभिनंदन, दोन वर्षं एका गाडीला चिकटून राहणं सोपं नसतंय. पण सायलेन्सर आणि अलॉय आत्ता नको. करी ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा, म्हणजे ब्रेक सारखा सारखा मारायला लागतोय आणि तुझ्या पत्रात ब्रेकचा एक शब्द नाही, मला काळजी तिथंच वाटली.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतंय. नवीन डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) निदान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की तोच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात दोन वर्षं उभी असलेली गाडी म्हणजे मुरलंच असणार. ऑइल उकळलं की पाईपमध्ये वाफ होते, वाफ दबते, पेडल खाली जातं. माझं झालंय हे, पाचव्या लॅपला, वळण समोर आणि पेडल पार फ्लोअरला टेकलेलं, तीन-चारदा पंप केल्यावर कुठं थोडं लागलं. घरी येऊन एअर काढायचा निपल उघडला तर काळ्या चहासारखं ऑइल आलं. म्हणून सीलबंद डबा आणून चारी चाकांचं सगळं ऑइल बदल, फक्त वरून भरू नको. पुढचे पॅड नवीन टाक, कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना हातानं सरकतायत का बघ, होजला बोटानं वाकवून चिरा बघ, मागचे ड्रम उघडून लायनर बघ. आणि नवीन पॅड बसवून थेट ट्रॅकवर जायचं नाही, आधी रस्त्यावर बसू देत.

आता इंजिन. दीडशे किलोमीटरवर नवीन रिंगा सिलिंडरला घासून नीट बसलेल्या नसतात. आंबा घाटातनं रत्नागिरीला तीन वेळा जाऊन ये, साडेसातशे-आठशे किलोमीटर होतील, आरपीएम कमी-जास्त ठेवत, लाल रेषेकडं न जाता. पहिल्या फेरीनंतर ऑइल आणि फिल्टर बदल, ट्रॅकच्या आधी परत एकदा. घाट चढताना टेम्परेचरचा काटा कुठं थांबतोय ते लक्षात ठेव, घाटातच वर सरकत असेल तर ट्रॅकवर नक्की तापणार, मग थर्मोस्टॅट, रेडिएटर, फॅन सगळं उघडावं लागंल. टायमिंग बेल्ट नवीन टाकलाय का हे मेस्त्रीला आजच विचार.

उरलेल्या पैशाचे टायर. बाजूवर चार आकडी तारीख असते, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, तसले जुने असतील तर नक्षी कितीबी चांगली दिसू दे, रबर कडक झालेलं असतंय. हवा थंड असताना बघून लिहून ठेव, तीन-चार लॅपनंतर ती वाढते, तेव्हा परत मोजून कमी कर.

बारीक सारीक सांगतो, बॅटरीची क्लॅम्प हलली नाही पाहिजे, मॅट आणि डिकीतलं सगळं सामान बाहेर, टोईंगचा हुक पुढं बसवलेला, चाकाचे नट टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळलेले. शेवटच्या आठवड्यात नवीन काही बसवू नको, हे मी हात जोडून सांगतोय.

कोइमतूर आपल्यापासनं नऊशे-हजार किलोमीटर, जमलं तर गाडी फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर) ने. आणि ट्रॅकवरनं बाहेर यायच्या आधी शेवटचा लॅप ब्रेक न मारता हळू काढ, गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नको, मागचे ड्रम तापलेले असतात, गियरमध्ये ठेव आणि टायरखाली लाकडाचा ठोकळा लाव. ठोकळा घरनंच घेऊन जा.