पिवळं कार्ड आणि तुझी पावरी

धडगावहून बारावी सायन्सच्या एका विद्यार्थ्याचं पत्र आलंय. धाकटी बहीण 'एसएस', म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची रुग्ण. तिचं तपासणीचं कार्ड लाल. हा स्वतः 'एएस', वाहक, कार्ड पिवळं. याच आजारावर काम करायचंय, पण 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेचा भरवसा नाही. काका म्हणतात, पिवळ्या कार्डवाल्याला नोकरी कोण देणार, आर्ट्सला जा.

प्रिय मित्रा,

काकांना सांग, वाहक म्हणजे आजारी नव्हे. हिमोग्लोबिनच्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. तुझी एकच बदललेली आहे, बहिणीच्या दोन्ही. सातपुड्यात हे घरोघर दिसतं त्याला कारण आहे: एकच प्रत बदललेली लेकरं जीवघेण्या मलेरियातून जास्त वाचली, म्हणून ते जनुक टिकलं. यात सायन्स सोडण्याजोगं काय आहे?

नीट दे. एकदाच, फार तर दोनदा. रिपीट करण्यात तीन-चार वर्षं घालवून रिकाम्या हाती परतलेली मुलं मी दरवर्षी बघतो.

1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. 7 कोटी लोकांची तपासणी ठरली, निर्मूलनाची मुदत 2047. आधी रक्ताची साधी सोल्युबिलिटी चाचणी, त्यात पॉझिटिव्ह आला की रुग्ण की वाहक हे पक्कं सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी चाचणी. त्याला हात लागतात. बी.एस्सी. आणि डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, दोन्ही असलं तर सरकारी आणि खासगी, दोन्हीकडच्या लॅबची दारं उघडतात. मिशनमधल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात, तेही धरून चाल.

मला मात्र तुझ्यासाठी दुसरं काम दिसतं: जनुकीय समुपदेशक, म्हणजे आनुवंशिक आजाराबद्दल घरच्यांना समजावून सांगणारा. जीवशास्त्रातली पदवी, मग जेनेटिक्स किंवा जेनेटिक काउन्सेलिंगमध्ये एम.एस्सी. कायम जागा आज मोजक्याच, म्हणून डीएमएलटी हाताशी ठेव. पुढे संशोधनाकडे वळलास तर आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, चंद्रपूरचं केंद्र आणि मुंबईची रक्तविज्ञान संस्था याच विषयात आहेत.

हे काम तुलाच का सुचवतोय? बऱ्याच वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत मी स्टेजवरून ठणकावलं होतं, "वाहकाने वाहकाशी लग्न करू नये." मागून एक मुलगी उठली नि म्हणाली, "मग माझे आईबाबा चुकले का?" मला उत्तर आलं नाही. त्यांना तर तपासणी म्हणजे काय हेच कुणी सांगितलं नव्हतं. माझी शुद्ध मराठी त्या दिवशी काही कामाची नव्हती. दोघं वाहक असले तर दर बाळंतपणात रुग्ण मूल होण्याची शक्यता चारांत एक. लोक धरून चालतात, एक झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं, दर खेपेला फासा नव्याने पडतो. हे चुलीजवळ बसून, तुझ्या पावरी बोलीत, कुणाला दोषी न धरता सांगणारा माणूस हवाय. ते मला या जन्मी जमणार नाही.

आता कागदपत्रं. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज याच महिन्यात टाक. प्रवेशाच्या वेळी धावपळ केलीस तर जागा हातची जाईल. सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर आदिवासी विकास विभागाच्या, राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वयंम योजनेची चौकशी प्रकल्प कार्यालयात कर.

आणि बहिणीचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. तिचं लाल कार्ड घेऊन जिल्हा रुग्णालयात जा, प्रमाणपत्राचं विचार. तिची दहावी कधी आहे, ते तू लिहिलं नाहीस. कळव.