दवाखाना तीन तासांवर आहे, काय करावं?

प्रश्न: आमच्या वस्तीपासून दवाखाना तीन तास लांब आहे. जवळ इमारत बांधल्याशिवाय काहीच सुधारणार नाही का?

उत्तर: ताई, मी बावीस वर्षं नर्स होते. इमारत हवीच, पण बाळंतपणात नुसत्या भिंतींनी बाई वाचत नाही. 1994 मध्ये थॅडियस आणि मेन या संशोधकांनी बाळंतपणातल्या मृत्यूंमागचे तीन उशीर मांडले: जायचं ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला.

पहिला उशीर मी उंबरठ्यावर उभी राहून पाहिलाय. बाळंतिणीची कापडामागून कापडं भिजत होती, आणि घरातले थोरले येईपर्यंत कुणी ‘चला’ म्हणेना. बाळंतपणानंतरचा जोराचा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो, आणि तुमचा रस्ताच तीन तासांचा! म्हणून गरोदर बाईला शेवटच्या आठवड्यांत दवाखान्याजवळ राहायला न्या. गाडी कुणाची, सोबत कोण, रक्त कोण देणार, हे सातव्या महिन्यातच ठरवा. आणि ‘निघा’ म्हणायचा हक्क त्या बाईला स्वतःला द्या, हे मी हात जोडून सांगते.

इमारतीसाठी अर्ज कराल तेव्हा त्यात रात्रपाळीची नर्स आणि तिच्या राहण्याची खोलीही मागा. खोली नसली की नर्स टिकत नाही.