बाळाच्या बेंबीतल्या लाल दाण्याला मीठ लावावं का?

तुमचं बाळ २२ दिवसांचं आहे, नाळ पडून १० दिवस झालेत आणि बेंबीत ओला लाल दाणा दिसतोय. डॉक्टरांनी ग्रॅन्युलोमा, म्हणजे जखम भरताना वाढलेलं जास्तीचं मांस, असं सांगून मीठ लावायला सांगितलं, सासूबाई हळद भरा म्हणतात, शेजारणीने अँटिबायोटिक पावडर दिली. मीठ झोंबेल का आणि किती दिवस लागतील, हा तुमचा प्रश्न.

झोंबत नाही. त्या दाण्यात मज्जातंतूच नसतात. बाळ रडतं ते पोट उघडं पडल्यामुळे आणि आपल्या गार हातांमुळे.

पण हळद आणि पावडर हा विषय मी सोडणार नाही. ठाण्यात नवजात बाळांच्या ओपीडीत अशा बेंब्या सतत येतात. वर हळद-तेलाचा वाळलेला थर असतो. कोमट पाण्यात भिजवलेलं गॉज त्यावर दोन मिनिटं ठेवलं की तो सुटतो आणि खाली डाळिंबाच्या दाण्याएवढा चकचकीत गुलाबी गोळा दिसतो, भोवती चिकट पाणी. हा जंतुसंसर्ग नाही. नाळ पडल्यावर जखम भरताना वर कातडी यायच्या आत मांस जास्त वाढतं, एवढंच. मग अँटिबायोटिक पावडर मारणार कुणाला? ती ओली होऊन तिचा लगदा होतो, खाली दमट राहतं आणि दाणा तसाच. हळदीने नाळ सुकते हे कितीही ठासून सांगितलं जात असलं तरी घरच्या डब्यातली हळद निर्जंतुक नसते. राख आणि शेणाबद्दल तर बोलायलाच नको, धनुर्वात तिथूनच शिरायचा.

मीठ काम करतं कारण ते दाण्यातलं पाणी ओढून घेतं. साधं बारीक मीठ घ्या, खडेमीठ नको, ते खरचटतं. हात साबणाने धुवा. उकळून कोमट केलेल्या पाण्यात गॉज भिजवून बेंबी पुसा, कोरडी करा. दोन बोटांनी बेंबीच्या कडा फाकवा, दाणा झाकेल एवढंच चिमूटभर मीठ त्यावर ठेवा, वर गॉजची घडी आणि कागदी चिकटपट्टी. अर्ध्या तासाने ओल्या गॉजने सगळं मीठ काढा आणि पुन्हा कोरडं करा. हे दिवसातून दोनदा. रात्रभर बांधून ठेवायचं नाही, भोवतीची कातडी सोलते. दोन-तीन दिवसांत दाणा फिकट पडून आक्रसायला लागतो.

बाकी वेळ बेंबीला वारा लागू द्या. डायपरची वरची कड बेंबीखाली दुमडा, नाहीतर लघवीने सगळं भिजतं. पावसाळ्यात आपल्याकडे लंगोट वाळता वाळत नाहीत, त्यांवर इस्त्री फिरवा. सासूबाईंना टाळूवर, हातापायांवर हवं तेवढं तेल लावू द्या, फक्त बेंबीत एक थेंबही नको.

आठवड्यात फरक नसेल तर डॉक्टर सिल्व्हर नायट्रेटची, म्हणजे दाणा जाळणाऱ्या रसायनाची, काडी लावतात किंवा देठ असेल तर दोऱ्याने बांधतात. काडी घरी लावायची नाही, निरोगी कातडी भाजते. त्यानेही दाणा हटला नाही, किंवा तो टणक आणि गडद लाल असेल, तर तो पॉलिप, म्हणजे गर्भातल्या आतड्याच्या किंवा मूत्राशयाच्या वाटेचा उरलेला अंश, असू शकतो. मग बालशल्यचिकित्सकांना दाखवा. बेंबीतून लघवीसारखं पाणी किंवा शी येत असेल तर आत आतड्याशी किंवा मूत्राशयाशी वाट उघडी राहिलेली असू शकते, तिथे मीठ लावत बसू नका. रडताना फुगणारी बेंबी हा हर्निया, त्यावर रुपया बांधून काही होत नाही.

आणि बेंबीभोवतीची कातडी लाल होऊन ती लाली पसरत असेल, घाण वासाचा पू येत असेल, १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप असेल किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.