पंधरा, तीस आणि मग चाळीसच का?

उन्हाळ्याच्या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये यंदा एक मजेदार साम्य आढळले. कोणी नव्या कार्यालयात रुजू झाले आहे, कोणी नव्या शहरात राहायला गेले आहे, तर कोणी आयुष्यात पहिल्यांदाच एखादा खेळ मन लावून पाहत आहे. प्रत्येकाची तक्रार मात्र जवळपास एकच आहे: समोर जे चालले आहे ते आवडते, पण अजून आपलेसे वाटत नाही. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे प्रथेप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न: माझे नवे सहकारी विम्बल्डन या टेनिस स्पर्धेच्या दिवसांत दुसऱ्या कशाविषयी बोलतच नाहीत. त्यांच्या गप्पांत भाग घेता यावा म्हणून मीही सामने पाहू लागले. परंतु पंधरा, तीस आणि चाळीस ही मोजणी मला उलगडत नाही. सरळ एक, दोन, तीन असे का मोजत नाहीत? आणि हे न समजता खेळाचा आनंद घेता येईल का?

उत्तर: या मोजणीची एक कथा तुम्हाला नक्की ऐकवली जाईल. पूर्वी गुण दाखवण्यासाठी घड्याळाची तबकडी वापरत आणि काटा दर गुणाला पाव फेरी पुढे सरकवत, अशी ती कथा आहे. ती सुटसुटीत आहे, पण तिच्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, कारण पंधरा-पंधराने मोजण्याचे उल्लेख पंधराव्या शतकापासून सापडतात आणि मिनिटकाटा असलेली घड्याळे सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्रास वापरात आलेली नव्हती. खात्रीने सांगता येते ते इतकेच, की तिसरा आकडा मुळात पंचेचाळीस होता आणि बोलण्याच्या सोयीसाठी त्याचे चाळीस झाले.

आकड्यांचे मूळ बाजूला ठेवले, तरी या मोजणीमागची रचना मात्र समजून घ्यायलाच हवी, कारण टेनिसचे सगळे नाट्य तिच्यात आहे. येथे गुण साठत नाहीत. किमान चार गुणांचा गेम संपला की पाटी कोरी होते, किमान सहा गेमचा सेट संपला की पुन्हा कोरी होते आणि म्हणून कोणता गुण कधी मिळाला यावर त्याची किंमत ठरते. विम्बल्डनचा २०१९ सालचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना आठवा. रॉजर फेडररने त्या सामन्यात २१८ गुण जिंकले, नोवाक जोकोविचने २०४ आणि विजेता ठरला जोकोविच. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७ असा पुढे होता, सर्व्हिस त्याची होती आणि फलक ४०-१५ असा होता. त्याला हवा होता फक्त एक गुण आणि तो मिळवण्याच्या दोन संधी हातात होत्या. त्या दोन्ही संधी निसटल्या आणि सुमारे पाच तास चाललेला तो सामना अखेर टायब्रेकने, म्हणजे बरोबरी मोडणाऱ्या खास गेमने, १३-१२ अशा सेटने जोकोविचकडे गेला. एक, दोन, तीन असे सरळ मोजून चौदा गुणांची आघाडी हाच विजय मानला असता, तर ही संध्याकाळ आज कोणाच्या लक्षात राहिली असती असे मला वाटत नाही.

बरोबरीनंतर सलग दोन गुण किंवा दोन गेम मिळवण्याच्या अटीमुळे सामना किती लांबू शकतो, याचे टोकाचे उदाहरण २०१० सालच्या विम्बल्डनचे आहे. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पहिल्याच फेरीतील सामना तीन दिवसांत मिळून ११ तास ५ मिनिटे चालला आणि त्यातील शेवटचा सेट ७०-६८ असा संपला. ४७-४७ या आकड्यावर पोहोचल्यावर मैदानावरील गुणफलक बंद पडला, कारण सामना त्यापुढे जाईल अशी कल्पना तो बनवणाऱ्यांनी केलेलीच नव्हती. २०२२ पासून चारही ग्रँड स्लॅम, म्हणजे टेनिसच्या सर्वांत मोठ्या, स्पर्धांमध्ये निर्णायक सेट ६-६ झाला की दहा गुणांचा टायब्रेक खेळला जातो. खेळाडूंच्या शरीरासाठी हे योग्यच झाले. माझ्या मनात मात्र त्या जुन्या, न संपणाऱ्या सेटविषयी थोडी हुरहुर आहे.

सहकाऱ्यांबरोबर पाहताना ३०-३० हा आकडा आला की बोलणे थांबवून बघा, कारण तेथून गेम कोणत्याही बाजूला झुकू शकतो. हिरवळीकडेही लक्ष असू द्या. विम्बल्डनचे गवत आठ मिलिमीटर उंचीचे राखलेले असते. पहिल्या दिवशी ते एकसारखे हिरवे दिसते आणि दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागच्या रेषेजवळ झिजून मातकट होते. त्या झिजलेल्या पट्ट्यावरून खेळाडू कुठे उभे राहून झुंजले, हे एकही आकडा न वाचता कळते.

प्रश्न: टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत यंदा प्रथमच पाहिली. रोज एक स्पर्धक टप्पा जिंकतो आणि पिवळी जर्सी मात्र भलत्याच स्पर्धकाच्या अंगावर असते. हा काय प्रकार आहे?

उत्तर: पिवळी जर्सी ही सर्व टप्प्यांच्या एकत्रित वेळेनुसार आघाडीवर असलेल्या स्पर्धकाची असते. तीन आठवडे आणि एकवीस टप्पे यांची बेरीज करून ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो विजेता ठरतो, मग त्याने एकही टप्पा जिंकलेला नसला तरी चालते. १९९० साली ग्रेग लेमाँड असाच जिंकला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने लोराँ फिन्योंला अवघ्या आठ सेकंदांनी मागे टाकले होते आणि या शर्यतीच्या इतिहासातील तो सर्वांत निसटता विजय आहे. जर्सीच्या रंगाचे कारण कागदात सापडते: १९०३ मध्ये ही शर्यत सुरू करणारे वृत्तपत्र पिवळ्या कागदावर छापले जात असे आणि १९१९ पासून तोच रंग आघाडीवीराला मिळाला. पुढच्या खेपेस सर्वांत पुढे कोण आहे यापेक्षा कोण कोणाच्या मागे दडून वाऱ्यापासून स्वतःला वाचवतो आहे, हे पाहा. शक्ती राखण्याची ती कला कळली, की सपाट रस्त्यावरचे कंटाळवाणे वाटणारे चार तासही वेगळे दिसू लागतात.

प्रश्न: अमेरिकेतील भव्य चित्रपट नेमके उन्हाळ्यातच का येतात? आणि माझ्या मैत्रिणीने मला एका चित्रपटाचा शेवट आधीच सांगून टाकला, तिच्यावर रागवावे की नाही?

उत्तर: मुलांना सुट्टी असते हे कारण खरे असले, तरी त्याआधीची गोष्ट गारव्याची आहे. चित्रपटगृह म्हणजे शेकडो माणसे दाटीने बसलेली बंदिस्त खोली. उन्हाळ्यात ती नकोशी होई आणि त्यामुळे तो काळ धंद्याच्या दृष्टीने मंदीचा मानला जाई. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहात विलिस कॅरियरच्या कंपनीची वातानुकूलन यंत्रणा बसली, पाठोपाठ इतर चित्रपटगृहांनीही तिचे अनुकरण केले आणि बाहेर उकडते म्हणून माणसे चित्रपटाला जाऊ लागली. पुढे २० जून १९७५ रोजी स्टीव्हन स्पीलबर्गचा ‘जॉज’ टेलिव्हिजनवरील जोरदार जाहिरातींसह एकाच वेळी चारशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला. मोठे चित्रपट त्याआधी बहुधा थोड्या शहरांतून हळूहळू पसरत असत. दोन वर्षांनी, मे महिन्याच्या अखेरीस आलेल्या ‘स्टार वॉर्स’ने ही वाट पक्की केली आणि उन्हाळा हा निर्मात्यांचा सर्वांत मोठा हंगाम ठरला.

मैत्रिणीविषयी म्हणाल, तर तिला क्षमा करावी. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वाचकांना कथा दिल्या आणि काहींना त्यांचा शेवट आधीच सांगितला. शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरीने अधिकच आवडल्या. हे प्रयोग कथांवर झाले होते, चित्रपटांवर नव्हे. तरीही मला त्यांचा निष्कर्ष पटतो, कारण आवडता चित्रपट आपण पुन्हा पाहतो तेव्हा शेवट माहीत असतोच आणि पहिल्या वेळी निसटलेली एखादी नजर किंवा एखादे वाक्य त्या वेळीच सापडते. अर्थात, शेवट ऐकायचा की नाही हे ठरवण्याचा हक्क तुमचा होता, एवढे तिला प्रेमाने सांगायला हरकत नाही.

प्रश्न: या उन्हाळ्यातील एक गाणे मला सुरुवातीला मुळीच आवडले नव्हते. आता ते डोक्यातून जात नाही. उपाय सांगा.

उत्तर: एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आल्याने आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६८ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते, तुमच्या बाबतीत तेच घडले आहे. बहुधा तुमच्या मनात गाण्याचा एकच तुकडा फिरत असेल, म्हणून ते एकदा अथपासून इतिपर्यंत लक्ष देऊन ऐका. तेवढ्याने भागले नाही, तर च्युइंग गम चघळून पाहा. मनात गाताना जबड्याच्या आणि जिभेच्या हालचालींची जी सूक्ष्म तयारी चालते तिच्यात चघळण्याने व्यत्यय येतो आणि ब्रिटनमधील संशोधकांना २०१५ मध्ये या उपायाचा प्रत्यक्ष उपयोग झालेला आढळला.

प्रश्न: दोन महिन्यांपूर्वी कामानिमित्त मी एका मोठ्या, पूर्णपणे अनोळखी शहरात आलो. फोनवरचा नकाशा सांगेल तसा चालतो आणि पोहोचतो. परंतु फोन बंद पडला, की घरापासून दोन रस्त्यांवर असूनही हरवतो. आणखी एक विचित्र अनुभव असा, की कुठेही जाताना वाट संपता संपत नाही आणि परतताना मात्र घर चटकन येते. माझ्यात काही उणीव आहे का?

उत्तर: तुमच्यात काहीही उणीव नाही. शहर डोक्यात उतरते ते बाणाच्या मागे चालल्याने नव्हे. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस येथील रहिवाशांना त्यांचे शहर आठवून कागदावर काढायला सांगितले होते. १९६० मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की माणूस आपल्या मनातले शहर पाच गोष्टींनी बांधतो: वाटा, कडा, वस्त्या, चौक आणि खुणा. बोस्टनच्या लोकांना चार्ल्स नदीची कडा स्पष्ट आठवत होती. जर्सी सिटीच्या लोकांना स्वतःच्या शहरात सांगण्यासारखी खूण सापडेना आणि त्यांतील अनेकांना नदीपलीकडे दिसणारे न्यूयॉर्कच आठवले. फोनच्या नकाशात बाकी सगळे असते, पण तुमची स्वतःची खूण नसते. म्हणून आजपासून प्रथम एक कडा शोधा. नदी, रेल्वेमार्ग, टेकडी किंवा रुंद रस्ता यांपैकी काहीही चालेल. आपण तिच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढे कळले तरी निम्मे हरवणे संपते.

दिशेसाठी सूर्यावर भरवसा ठेवणार असाल, तर उन्हाळ्यातील एक खोच लक्षात ठेवा. उत्तर गोलार्धात या दिवसांत सूर्य नेमक्या पश्चिमेला नव्हे, तर वायव्येकडे मावळतो आणि विषुववृत्तापासून जितके दूर जाल तितका हा फरक वाढतो. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील रस्त्यांची जाळी उत्तर दिशेपासून सुमारे २९ अंश कललेली आहे. त्यामुळे मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास मावळता सूर्य तेथील आडव्या रस्त्यांच्या थेट तोंडाशी येतो आणि माणसे तो पाहायला रस्त्यात थांबतात. तुमच्या शहरातही एखादा रस्ता एखाद्या संध्याकाळी असा सूर्यासमोर येत असेल. तो शोधण्यात घालवलेली संध्याकाळ वाया जाणार नाही आणि तो रस्ता तुम्ही पुन्हा विसरणार नाही.

भुयारी रेल्वेचा नकाशा अंतरासाठी वापरू नका. हॅरी बेक या आरेखकाने तयार केलेला लंडनचा नकाशा १९३३ मध्ये प्रवाशांच्या हाती आला. त्यात त्याने अंतरे बाजूला ठेवून सरळ रेषा आणि सोयीस्कर कोन वापरले आणि जगभरातील नकाशांनी तीच रीत उचलली. गाडी कुठे बदलायची हे त्यावरून उत्तम कळते, पण लंडनमधील कोव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर ही स्थानके जेमतेम अडीचशे मीटर अंतरावर आहेत हे त्यावरून कळत नाही. आठवड्यातून एकदा एक स्थानक आधी उतरून चालत जा. त्याच लंडनमधील टॅक्सीचालक परवान्यासाठी तीन-चार वर्षे रस्ते पाठ करतात आणि २००० साली एलिनॉर मॅग्वायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की त्यांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मृती आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाचा, मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. ज्याचा टॅक्सी चालवण्याचा काळ जास्त, त्याचा तो भाग अधिक मोठा. तुमचे तर अजून दोनच महिने झाले आहेत.

राहिला परतीचा प्रश्न. या अनुभवावर नेदरलँड्समधील संशोधकांनी २०११ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले आहेत. परतताना रस्ता ओळखीचा झालेला असतो म्हणून तो छोटा वाटतो, असे आपण समजतो. परंतु त्याच अंतराच्या दुसऱ्या रस्त्याने परतलेल्यांनाही तसेच वाटले. संशोधकांच्या मते कारण अपेक्षेत आहे. जाताना आपण वेळेचा अंदाज कमी धरतो, प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो आणि परतताना आपण लांबलचक वाटेची तयारी ठेवूनच निघतो. ज्या वाटेने रोज जाणे-येणे असते तिच्यावर मात्र हा फरक सहसा जाणवत नाही, कारण तेथे अंदाज चुकायला जागाच उरत नाही. ज्या दिवशी तुम्हाला जाणे आणि येणे सारखेच लांब वाटेल, त्या दिवशी मला एक ओळ जरूर लिहून पाठवा.