सुरक्षित कॉलेज म्हणजे नेमकं कोणतं?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्ससाठी अर्ज करायचेत. एसएटी (तिथली प्रवेशचाचणी) १६००पैकी १४८०. यादीतल्या बारा कॉलेजांपैकी नऊ अतिनामांकित आहेत. चालेल का?

उत्तर : नऊ फार झाली, तीन-चार ठेवा. दहा अर्जांतला जेमतेम एक स्वीकारणारं कॉलेज गुण कितीही असले तरी अवघडच धरायचं. बाकीच्यांचा ‘कॉमन डेटा सेट’, म्हणजे कॉलेजं स्वतःविषयी ठराविक नमुन्यात प्रसिद्ध करतात ती आकडेवारी, नेटवर शोधा. त्याच्या सी९ भागात प्रवेश घेतलेल्यांचे एसएटी गुण असतात, २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे, म्हणजे ज्यांच्या खाली शंभरातले २५ आणि ७५ विद्यार्थी असतात ते. १४८० वरच्या आकड्यापुढे असेल तर कॉलेज सुरक्षित, म्हणजे प्रवेश जवळपास नक्की मिळेल असं, असू शकतं. दोन आकड्यांच्या मधे पडत असेल तर बरोबरीचं, म्हणजे प्रवेशाची बऱ्यापैकी शक्यता असलेलं. मात्र एसएटी ऐच्छिक असते तिथे हे आकडे फुगतात, कारण कमी गुणवाले ते कळवतच नाहीत.

खरी फसगत विषयात होते. अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठात प्रवेश विषयानुसार होतो. तिथला एकूण स्वीकृती दर पाहून कॉम्प्युटर सायन्सचा अंदाज बांधलात, तर तो चुकलाच म्हणून समजा.

मग पैसा. त्याच डेटा सेटच्या एच६ भागात परदेशी विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळते का, किती जणांना, सरासरी किती, हे कळतं. खर्च झेपणार नसेल तर ते कॉलेज सुरक्षित नव्हेच, प्रवेश कितीही सोपा असो. ‘अर्ली डिसिजन’, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं; प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं असतं. मदतीची तुलना करायची असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

सुरक्षित दोन ठेवा, पण मुलगी खरोखर जाईल अशीच.